चेहरा निवळेपर्यंत

एकदा एका नदीकाठच्या पेठेत एक वृद्ध वैद्य राहत होते, आणि त्यांच्या दारी येणारी बहुतेक माणसे तोंड झाकून येत. कुणी पदराने, कुणी उपरण्याने, कुणी नुसताच हात गालावर ठेवून. ही कोवळ्या वयाची मुले नसत. कोवळ्या वयात चेहऱ्यावर मुरूम उठले तर घरातली माणसे हसून म्हणतात, वयाचा गुण आहे, जाईल. वैद्यबुवांकडे येत ते ज्यांचे ते वय केव्हाच सरले होते आणि मुरूम मात्र गेले नव्हते. लेकुरवाळ्या बाया येत, संसारी पुरुष येत. या वयात असल्या गोष्टीचे दुःख करावे याचीही त्यांना लाज वाटे, आणि ते दुःख त्या लाजेमुळे दुप्पट होई.

सगुणा अशीच आली होती. घाटाखालच्या एका गावात ती देवळात बायकांना पुराण सांगत असे. वडील पुराणिक होते. त्यांच्यामागे पोथी तिने हाती घेतली. तिने लग्न केले नव्हते. पोथी आणि म्हातारी आई, एवढाच तिचा संसार होता आणि त्यात ती सुखी होती. तिशी ओलांडली आणि एके दिवशी हनुवटीच्या कडेला एक गाठ आली. टोक न धरणारी, आतल्या आत ठणकणारी. ती बसते न बसते तोच तिच्या शेजारी दुसरी आली. वर्षभरात जबड्याची दोन्ही अंगे त्या गाठींनी भरून गेली आणि जिथे गाठ बसली तिथे काळा डाग उरू लागला.

गावात सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी डाळीचे पीठ सांगितले, कुणी चंदन, कुणी पोट साफ ठेवायला सांगितले. एक म्हणाली, "आरसा कमी बघत जा म्हणजे कमी वाटतील." सगुणेने सगळे करून पाहिले. पण एका एकादशीला, पुराण ऐन रंगात आलेले असताना, पुढच्या रांगेतल्या एका बाईने दुसरीच्या कानात काही सांगितले आणि दोघींची नजर एकदमच तिच्या हनुवटीवर आली. सगुणेला पुढची ओवी सुचेना. पोथी समोर उघडी होती, तरी सुचेना. तिने कसाबसा अध्याय संपवला आणि दुसऱ्या दिवशी घसा बसल्याचा निरोप देवळात पाठवला. तो घसा पुन्हा उघडला नाही. महिन्याभराने ती वैद्यबुवांच्या पेठेत आली.

"किती दिवसांत जाईल?" तिने पहिल्याच भेटीत विचारले.

वैद्यबुवांनी तिचा चेहरा उजेडाकडे वळवून नीट पाहिला. "दिवसांत मोजू नकोस," ते म्हणाले. "ऋतूंत मोज. आणि आधी थोडे वाढेल, तेव्हा घाबरू नकोस."

सकाळी कडू काढा, सायंकाळी पातळ लेप, उन्हात कमी जाणे आणि हात न लावणे, एवढाच तो उपचार होता. पण गावी परत जायचे तर देवळावरून जावे लागणार होते. सगुणेने राहण्याची परवानगी मागितली. तिला वाचता येत होते, वनस्पतींची संस्कृत नावे तोंडपाठ होती. वैद्यबुवांना खलबत्त्याशी बसणारे माणूस हवेच होते. अशी ती रुग्ण म्हणून आली आणि शिष्या म्हणून राहिली.

आईला तिने निरोप पाठवला, "चेहरा निवळला की लगेच येते."

दोन्ही गावांमध्ये ये-जा करणारा रामलिंग कासार बांगड्यांच्या पेटाऱ्याबरोबर हे निरोप नेत-आणत असे. पहिल्या वेळी तो परत आला तेव्हा म्हणाला, "आई म्हणाल्या, दसऱ्याला ये." दसऱ्याच्या सुमारास सगुणेचा चेहरा खरोखर सुधारला होता. उजवा गाल जवळजवळ कोरा झाला होता. तिला वाटले, आणखी थोडे थांबू, म्हणजे डावाही होईल. ऐन अष्टमीला डाव्या जबड्यावर दोन गाठी आल्या. तिने निरोप दिला, संक्रांतीला येते. संक्रांतीला कपाळ बिघडले. मग अक्षय्य तृतीया ठरली. असे करता करता तिसरे वर्ष लागले.

या काळात ती कशी जगत होती ते बाहेरून कुणाला कळले नसते. काम ती चोख करी. पण सकाळी उठल्यावर डोळे उघडण्याआधी तिची बोटे हनुवटीवरून फिरत, आणि बोटांना जे लागे त्यावर तिचा तो दिवस ठरे. घंगाळातल्या पाण्यात ती वाकून पाही, मग पाणी ढवळून टाकी, मग ते शांत होईपर्यंत थांबून पुन्हा पाही. समोरचा माणूस बोलू लागला की त्याचे डोळे कुठे जातात एवढेच तिला दिसे. तो काय बोलला ते मागाहून विचारावे लागे. एखादा आठवडा बरा गेला तर त्या आठवड्यात तिला जास्त भीती वाटे, कारण गमावण्यासारखे काही हाती आलेले असे. आणि कधी कधी, लेप लावताना, मनात अगदी स्पष्ट येई की हे कधीच संपणार नाही, आपण याच चेहऱ्याने म्हाताऱ्या होणार. मग हात तसाच गालावर राही आणि लेप बोटांवर वाळून जाई.

"गुरुजी, मी काही चुकवते आहे का?" ती विचारी.

"नाही."

"मग औषध वाढवा."

"औषध आहे ते पुरेसे आहे," ते म्हणत आणि पुढच्या रुग्णाकडे वळत. त्या शांतपणाचा तिला राग येऊ लागला होता.

तिसऱ्या वर्षीच्या चैत्रात पेठेत जत्रा भरली. तिथे पाल ठोकून एक मलमवाला बसला होता. पांढरे, लोण्यासारखे मलम. "चार दिवसांत दर्पण," तो ओरडत होता. ज्या वैद्याकडे आपण शिकतो त्याच्या घरात राहून असे मलम घ्यावे याचे सगुणेला वाईट वाटले; पण वाईट वाटून घेण्याचीही ताकद तिच्यात फारशी उरली नव्हती. तिने डबी कनवटीला लावली.

मलमवाला खोटे बोलला नव्हता. चौथ्या दिवशी लाली गेली. आठवड्याने गाठी बसल्या. पंधरवड्यात तिचा चेहरा असा झाला की तिचा तिलाच ओळखू येईना. घंगाळावर वाकून ती हसली आणि हसताना हनुवटी ताणली तरी ठणकली नाही, म्हणून पुन्हा हसली. काढा तिने बंद केला, लेपही. वैद्यबुवांच्या हे ध्यानात आले होते. एका सकाळी त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "काय लावतेस?" ती म्हणाली, "काही नाही." त्यांनी सांगितले, "जे लावत असशील ते एकदम थांबवू नकोस. मला दाखव, हळूहळू सोडवू." ती पाठ फिरवून खलबत्त्याकडे गेली. घरी जाण्याच्या आनंदात तिला कुणाचे ऐकायचे नव्हते.

रामलिंगाला तिने निरोप दिला की येत्या गुरुवारी तुझ्या गाडीतून मी येते. डबी रविवारी संपली. जत्रा केव्हाच उठली होती आणि मलमवाला कुठल्या गावाला गेला ते कुणाला ठाऊक नव्हते. सोमवारी गालांची आग होऊ लागली. मंगळवारी संपूर्ण चेहरा लाल झाला. बुधवारी त्या लालीवर पुवाने भरलेल्या पुळ्या उठल्या, जिथे पूर्वी कधी आल्या नव्हत्या तिथेही, नाकाच्या शेंड्यावर, पापणीखाली. तीन वर्षांत तिने इतका वाईट चेहरा पाहिला नव्हता.

गुरुवारी गाडी दारात उभी राहिली. सगुणेने कवाड उघडले नाही.

"ताई, निघायचं ना?" रामलिंगाने हाक मारली.

"तू जा. मी पुढच्या खेपेला येते."

"ताई, आई वाट बघतायत हो." तो थोडा घुटमळला. "या वेळी चलाच. मी तुम्हाला जास्त काही सांगत नाही, पण चला."

"सांग, चेहरा निवळला की लगेच येते म्हणावं."

मग बैलांच्या घुंगरांचा आवाज दूर गेला. सगुणा कवाडाला पाठ लावून तिथेच बसून राहिली. तिला रडूही येईना, कारण खारट पाणी त्या गालांवर झोंबत होते.

दुसऱ्या दिवशी तिने वैद्यबुवांना सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. "त्या मलमाने जे केले ते उतरायला काही महिने लागतील," एवढेच म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून सुरुवात."

ती हे ऐकत असतानाच दारात एक धान्याचा व्यापारी आला. चाळिशीचा गृहस्थ. दोन वर्षांपूर्वी तो आला तेव्हा त्याची पाठ आणि चेहरा गाठींनी भरलेला होता. दुकानाच्या गादीवर बसायचे त्याने सोडले होते. आज तो उपरणे खांद्यावर टाकून, उघड्या चेहऱ्याने आला होता. हातात नारळ आणि खडीसाखर होती.

"वैद्यबुवा, निरोप घ्यायला आलो," तो म्हणाला. "तुमच्या कृपेने बरा झालो."

वैद्यबुवांनी त्याला बसायला सांगितले. सगुणेलाही त्याच्या शेजारी बसवले. दोघांचे चेहरे एका उजेडात होते, एकाचा निवळलेला आणि एकीचा पेटलेला, आणि सगुणेला जमिनीत शिरावेसे वाटले. वैद्यबुवांनी फळीवरून एक बरणी काढली. त्यातून एक माप घेऊन पुडी बांधली आणि व्यापाऱ्याच्या हाती दिली. त्याच बरणीतून तेच माप पुन्हा घेतले, पुडी बांधली आणि सगुणेच्या हाती दिली. बरणी झाकून ते आपल्या जागी जाऊन बसले.

व्यापारी पुडीकडे पाहत राहिला. "अहो, मला कशाला? मी बरा झालो म्हणून तर नारळ घेऊन आलो!"

आणि सगुणा, जी तीन वर्षांत त्या घरात एकदाही मोठ्याने बोलली नव्हती, तिचा आवाज चढला. "ज्यांना काही झालेलं नाही त्यांना जेवढं, तेवढंच मला? माझ्याकडे एकदा बघा तरी, गुरुजी. या चेहऱ्याकडे बघा आणि मग माप घ्या."

"बघितले," वैद्यबुवा म्हणाले. मग जे बोलले ते दोघांशीही बोलले.

"जी पुळी दिसते तिच्यावर माझ्याकडे औषध नाही. ती दिसण्याआधी कितीतरी दिवस कातडीच्या आत तयार होत असते. आज जो चेहरा लोक पाहतात तो मागच्या ऋतूत आत घडून गेलेला आहे, तो आता बदलता येत नाही. औषध जाते ते अजून वर न आलेल्यांकडे. शेटजी, त्या तुमच्याही गालात आहेत आणि हिच्याही. म्हणून माप एकच. मी तुम्हाला बरे झालात असे कधी म्हटले नाही. हा विकार जात नाही, आवरलेला राहतो, आणि हात थांबला की परत येतो. काही जणांचा पन्नाशीत आपोआप शांत होतो, काही जणांचा होतही नाही. सगुणा, तू मला दर महिन्याला विचारलेस, हे केव्हा संपणार. मी उत्तर टाळले, कारण ते मला ठाऊक नव्हते. टाळले हे बरे केले नाही. तू माझ्या गप्प राहण्याचा अर्थ 'लवकरच' असा घेतलास."

व्यापारी उठला. पुडी त्याने घेतली, पण नारळ ठेवताना त्याचा हात जड झाला होता. तो गेला.

सगुणा बसून होती. मनात तिने तीन वर्षे एक दिवस जपून ठेवला होता, ज्या दिवशी वैद्यबुवा म्हणणार होते, आता झाले. तो दिवस नव्हताच. कधीच नव्हता.

"मग मी आजवर कशाची वाट पाहिली?" तिने विचारले.

"ते मला कसे कळणार?" वैद्यबुवा हळू आवाजात म्हणाले. "पण आईकडे कोरा चेहरा घेऊनच जावे असे पथ्य मी तुला कधी दिले नव्हते."

ती दुसऱ्या सकाळी निघाली. धीर आला म्हणून नव्हे. जपण्यासारखे काही उरले नव्हते म्हणून. पुडी गाठोड्यात बांधली. वाटेत एका माणसाने तिला गाडीत घेतले. गाडीतल्या एका बाईने तिच्याकडे पाहून जीभ टाळ्याला लावून चुकचुकल्यासारखे केले आणि आपल्या नणंदेला कशाने गुण आला ते घाट उतरेपर्यंत सांगितले. सगुणेने पदर ओढून घेतला नाही. चेहऱ्याची आग होत होती आणि पदर लागला की जास्त होई. देवळावरून जाताना पायरीवर बसलेल्या दोघींनी तिला ओळखले आणि त्या एकदम बोलायच्या थांबल्या.

आई ओटीवर बसली होती, खांबाला टेकून. सगुणा अंगणात उभी राहिली. आईने मान तिच्या दिशेने वळवली, पण तिची नजर सगुणेच्या खांद्यावरून मागे कुठेतरी गेली.

"कोण आहे?" आईने विचारले.

सगुणेला आधी वाटले, हा चेहराच इतका बिघडला आहे की आईलाही ओळखू येत नाही. ती आणखी जवळ गेली. "आई, मी."

"सगुणे?" आईचे दोन्ही हात हवेत वर आले आणि तिला शोधू लागले. तेव्हा सगुणेला कळले.

ती आईच्या पायांशी बसली. आईचे हात तिच्या केसांवर आले, कपाळावर आले, तिथून गालांवर उतरले. बोटे फुगलेल्या, ओल्या पुळ्यांवर थांबली. सगुणेने वेदनेने श्वास ओढला आणि चेहरा मागे घेतला.

"दुखतंय?" आई म्हणाली.

"हो, आई. फार दुखतंय."

"मग आधी का नाही आलीस गं?"

सगुणेने आईची बोटे हातात धरली. मग तिने विचारले, "तुझ्या डोळ्यांचं हे केव्हापासून? मला कुणी सांगितलं नाही. रामलिंगानेही नाही."

"त्याला मीच शपथ घातली होती. तुला कळलं असतं तर तू तशीच धावत आली असतीस. लोकांपुढे यायला तुला किती जड जातं ते मला ठाऊक आहे. म्हटलं, बरी होऊन येऊ दे, मनासारखं येऊ दे." आईच्या आवाजात तक्रार नव्हती, ती नुसते घडलेले सांगत होती. "आधी कडा गेल्या. मग मधलं धूसर झालं. मी तुला ये म्हटलं त्या दसऱ्यापर्यंत दिसत होतं मला. तेव्हा आली असतीस तर पाहिलं असतं."

सगुणेने आईच्या मांडीत तोंड खुपसले. गाल झोंबत होते तरी ती रडली. त्या दसऱ्याला तिच्या डाव्या जबड्यावर दोन गाठी होत्या. फक्त दोन. आणि त्या दोन गाठी आईने पाहू नयेत म्हणून ती थांबली होती. आता हा चेहरा उद्या निवळला काय आणि उभ्या जन्मात न निवळला काय, जिला तो दाखवायचा होता तिला तो कधीच दिसणार नव्हता. वैद्यबुवांच्या कोणत्याही बरणीत यावर काही नव्हते, आणि सगुणेला तशी आशाही वाटली नाही.

शेजारीण दिवा लावायला आली, सगुणेला पाहून दचकली, पण आत जाऊन दोघींसाठी भात टाकून गेली.

तिन्हीसांजा झाल्या तशी सगुणेने सवयीने गाठोडे सोडले आणि पुडी काढली. कोणत्या आशेने काढली हे तिला सांगता आले नसते. एका वाटीत पाणी घेऊन तिने लेप कालवला. वासाने आईने मान वर केली.

"हेच का ते औषध?"

"हो."

"कधीपर्यंत लावायचं?"

"नेहमी," सगुणा म्हणाली. हा शब्द तिने पहिल्यांदाच उच्चारला. तो उच्चारून काही हलके झाले असे नाही, पण तो खोटा नव्हता.

"बरं," आई म्हणाली. "मग इथेच बसून लाव. आत नको जाऊस."

सगुणेने तिथेच बसून लेप लावला. तो वाळेपर्यंत ओठ हलवता येत नसत; म्हणून ती गप्प बसली, आणि ती बोलत नाही असे जाणवून आईने तिचा हात चाचपून आपल्या हातात घेतला, ती तिथे आहे याची खात्री राहावी म्हणून. बाहेर रस्त्याने माणसे जात-येत होती. त्यांतली काही ओटीकडे पाहत होती.

उपचार जन्मभराचा असू शकतो. तो पुरा होईपर्यंत आपल्या माणसाला दारात उभे करून ठेवण्याचा अधिकार मात्र कुणालाच नाही.